तिसऱ्या हंगामाचा हिशेब: तासगाव तालुक्यातील एका बेदाणा ग्रेडिंग युनिटचे प्रकरण

गावात नवा उद्योग उभा राहिला की परिसराची वाढ झाली, असे आपण सहज म्हणतो. तालुक्यात किती उद्योग नोंदले गेले, किती कर्ज वाटले, हे आकडे त्यासाठीच पुढे केले जातात. या प्रकरणातल्या युनिटची नोंदणी झाली, कर्ज मिळाले, मशीन फिरू लागले. तरीही दुसऱ्या वर्षाअखेर गावात नवी कमाई फारशी आली नव्हती. ती आली तिसऱ्या वर्षी, आणि त्यासाठी एकही नवे मशीन घ्यावे लागले नाही. ओळख लपवण्यासाठी गाव आणि व्यक्तींची नावे वगळली आहेत, रकमा गोल केल्या आहेत.

## पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्याच्या पूर्व टोकाकडचे, कवठेमहांकाळच्या हद्दीला लागून असलेले गाव. हवा कोरडी, वारा भरपूर, त्यामुळे द्राक्षबागांइतक्याच बेदाण्याच्या शेडही आहेत. साधारण चार किलो द्राक्षांपासून एक किलो बेदाणा होतो. घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून रॅकवरच्या जाळीवर पसरतात आणि हवा चांगली असेल तर पंधरा ते वीस दिवसांत माल उतरतो. तो मळून, काडी काढून, पंधरा किलोच्या बॉक्समध्ये भरून कोल्ड स्टोअरेजला जातो. तिथून तासगाव किंवा सांगलीच्या सौद्यात, म्हणजे लिलावात.

उद्योजक चौतिशीतले, मेकॅनिकल डिप्लोमा झालेले. कुपवाड एमआयडीसीत काही वर्षे मेंटेनन्सची नोकरी केलेली. घरी तीन एकर द्राक्षबाग आणि एक शेड, ती आई आणि थोरला भाऊ सांभाळतात. गावातला माल ग्रेडिंगसाठी, म्हणजे प्रतवारीसाठी, तासगावला किंवा सांगलीला न्यावा लागे. नेण्या-आणण्याचे भाडे, दोनदा हमाली, वर मशीनवर नंबर लागेपर्यंत चार-पाच दिवस थांबणे. ही गरज हेरून त्यांनी गावातच कलर सॉर्टर, म्हणजे रंगावरून मणी वेगळे करणारे मशीन, बसवायचे ठरवले. शेतकऱ्याचा माल शेतकऱ्याचाच राहील, युनिट फक्त किलोमागे मजुरी घेईल.

प्रकल्प ३८ लाखांचा झाला. शेड ९ लाख, सॉर्टर १७ लाख, काडी काढणे, धुणे आणि पाणी निथळण्याची यंत्रे ६ लाख, कॉम्प्रेसर आणि एअर ड्रायर अडीच लाख, वीजजोडणी आणि पॅनेल २ लाख, किरकोळ दीड लाख. स्वतःचे ४ लाख. त्यातले बरेचसे मामांनी दिले; ते खानापूर भागातल्या अनेक कुटुंबांप्रमाणे परराज्यात गलाई (सोने-चांदी गाळण्याच्या) व्यवसायात आहेत. उरलेले ३४ लाख बँकेचे मुदत कर्ज, सात वर्षांचे, पहिले सहा महिने हप्ता नाही. पुढे हप्ता महिना ६० हजार.

सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेतून अनुदान मंजूर झाले. पात्र खर्चाच्या ३५ टक्के, पण वैयक्तिक उद्योगाला कमाल १० लाख. इथे अनेकांचा हिशेब चुकतो. ही रक्कम हातात येत नाही. ती कर्जखात्याला जोडून तीन वर्षे बाजूला ठेवली जाते आणि खाते नियमित राहिले तरच कर्जात वळती होते. म्हणजे ज्या काळात उद्योगाला पैशाची सर्वाधिक चणचण असते, त्याच काळात हे १० लाख कागदावर असतात. हे युनिट उभे करताना तेवढे नीट समजून घेतले होते, म्हणून पुढे ते तगले.

## पहिली दोन वर्षे

पहिल्या वर्षी ४२० टन माल आला. मजुरी किलोला ५ रुपये, म्हणजे २१ लाख जमा. निवडीच्या पट्ट्यावर चौदा बायका, चार हमाल, एक ऑपरेटर, वीज आणि दुरुस्ती मिळून १४ लाख खर्च. उरलेल्या ७ लाखांतून त्या वर्षीचे सहाच हप्ते गेले, ३ लाख ४० हजार शिल्लक राहिले. वर्ष चांगले गेले असे सगळ्यांनाच वाटले.

पण काम जेमतेम ११० दिवस चालले होते. मार्च ते जून माल येतो, नंतर मशीन झाकून ठेवायचे. त्या दिवसांतही सॉर्टरने कागदावरची क्षमता कधी गाठली नाही. या धंद्यात उतरणाऱ्या प्रत्येकाने याची कारणे आधी समजून घ्यावीत. हा सॉर्टर उतरत्या पन्हाळीचा आहे. मणी पन्हाळीवरून सुटे घसरावेत, कॅमेऱ्याने रंग टिपावा आणि नको असलेला मणी हवेच्या झोताने उडवावा, अशी त्याची रचना. तांदळाला, डाळीला हे उत्तम चालते. बेदाण्यात साखर असते. एप्रिलच्या दुपारी शेडमधले तापमान चढले की मणी एकमेकांना आणि पन्हाळीला चिकटतात, दोन-दोन मणी जोडीने उतरतात, आणि एक काळा मणी उडवताना शेजारचे दोन चांगलेही उडतात. पट्ट्याचा सॉर्टर घेतला असता तर हा त्रास बराच कमी झाला असता, पण तो महाग होता.

कोल्ड स्टोअरेजमधून चार-पाच अंशांवर ठेवलेला माल आणून लगेच बॉक्स फोडला की त्यावर दमट हवेचे पाणी धरते आणि माल आणखी चिकट होतो. म्हणून बॉक्स बंदच ठेवून रात्रभर शेडमध्ये राहू द्यायचे आणि सकाळी फोडायचे, हा नियम युनिटने पहिल्या महिन्यातच केला. झोताच्या हवेत तेलाचा अंश किंवा पाणी आले की बारीक नोझल अडकतात, एअर ड्रायरचा खर्च त्यासाठी टाळता येत नाही. आणि एवढे करूनही बेदाण्याच्याच रंगाचा खडा आणि देठ चिकटलेला मणी कॅमेऱ्याला दिसत नाही. तो बायकांच्या नजरेलाच दिसतो. सॉर्टर आला की निवडीच्या बायका लागणार नाहीत, असे प्रकल्प अहवालात लिहिले होते. चौदाच्या चौदा लागल्या.

दुसऱ्या वर्षी आसपास बारा किलोमीटरच्या आत तशाच सॉर्टरची आणखी दोन युनिटे उभी राहिली. तीच योजना, तसाच अहवाल, बहुधा तोच मशीन विक्रेता. मजुरीचा दर ५ वरून ४ रुपयांवर आला. युनिटने ४५० टन काम केले, पण जमा १८ लाख आणि खर्च १४ लाख ६० हजार. उरले ३ लाख ४० हजार, हप्ते ७ लाख २० हजार. तूट ३ लाख ८० हजार. आदल्या वर्षीची शिल्लक त्यात गेली.

## खरी अडचण कुठे होती

वरवर पाहिले तर अडचण स्पर्धेची दिसते. पण मजुरी एक रुपयाने उतरली, तो रुपया शेतकऱ्याच्या खिशात राहिला. परिसराच्या दृष्टीने ते नुकसान नव्हते. पहिल्या युनिटने गावाला खरोखर काही नवे दिले होते: भाडे वाचले, वेळ वाचला. पुढच्या दोन युनिटांनी तेच काम तिघांत वाटून घेतले. बेदाणा तेवढाच, त्याचा ग्राहक तोच, सौदाही तोच. उद्योजकतेचा विचार करताना शुम्पीटर या अर्थतज्ज्ञाने नवा माल, नवी पद्धत, नवी बाजारपेठ यांवर भर दिला होता तो याचसाठी. उद्योगांची संख्या वाढली म्हणून उत्पन्न वाढत नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट युनिटने केलेल्या एका साध्या आकडेमोडीत सापडली. त्या हंगामात मिश्र, म्हणजे ग्रेडिंग न केलेल्या, मालाला सौद्यात सरासरी १४० रुपये मिळत होते. तोच माल ग्रेडिंग केल्यावर १०० किलोतून ६० किलो एक नंबर, २८ किलो दोन नंबर, ८ किलो तीन नंबर निघे आणि ४ किलो काडीकचरा जाई. सौद्यातले दर अनुक्रमे १६२, १३२ आणि ८५. सगळे मिळून मूळ मालाच्या किलोमागे जवळपास १४१ रुपये झाले. त्यातून ४ रुपये मजुरी गेली की १३७. म्हणजे सौद्यातच विकायचे असेल तर ग्रेडिंग करून शेतकऱ्याला तीन रुपये कमीच पडत होते! सौद्यातले व्यापारी मिश्र मालाचा नमुना हातात घेऊनच त्यात एक नंबर किती निघेल हे ओळखतात आणि दर त्याच हिशेबाने लावतात. शेतकरी ग्रेडिंग करत होते ते माल लवकर खपावा म्हणून, जास्त दरासाठी नव्हे.

एकसारख्या मालाला जास्त पैसे देणारा ग्राहक सौद्याबाहेर होता. पुण्यातल्या एका सुकामेवा पॅकिंग करणाऱ्या व्यापाऱ्याने विचारणा केली होती: दरमहा ८ टन एक नंबर, दहा महिने, पुणे पोच १९० रुपये. अट एक, माल दर महिन्याला सारखाच दिसला पाहिजे. पैसे ६० दिवसांनी.

वाढीची संधी इथे होती. आणि ती पकडायला लागणारा पैसा मशीनच्या कर्जाच्या कित्येक पट होता.

## समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय, आहे तेच चालू ठेवणे आणि खर्च कापणे. कापण्यासारखे फार नव्हते. बायका कमी केल्या तर खडे राहतात, आणि एक खडा सापडला की पुढचे गिऱ्हाईक जाते.

दुसरा, सॉर्टर एखाद्या मोठ्या व्यापाऱ्याला वर्षभर भाड्याने देणे. एक प्रस्ताव आला होता, महिना ४५ हजारांचा. हप्त्याला १५ हजार कमीच पडत होते, वर देखभाल मालकाची. शिवाय गावातल्या शेतकऱ्यांचा माल मागे पडला असता.

तिसरा पर्याय सगळ्यांना भुरळ घालणारा: हंगामात स्वतः माल खरेदी करून साठवायचा आणि वर्षभर पुण्याला पाठवायचा. वर्षाला ८० टन एक नंबरसाठी १३३ टन मिश्र माल लागतो. १४० रुपयांनी १ कोटी ८७ लाख. दोन आणि तीन नंबर लगेच विकून ५८ लाख सुटतील, तरी १ कोटी २९ लाख एप्रिल-मेपासून अडकून पडतील.

बँकेने खेळत्या भांडवलाचा हिशेब उलाढालीच्या पद्धतीने केला. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या नायक समितीच्या सूत्रानुसार अंदाजित वार्षिक उलाढालीच्या २५ टक्के खेळते भांडवल धरायचे, त्यातले उलाढालीच्या २० टक्के बँकेने द्यायचे, ५ टक्के उद्योजकाने घालायचे. २ कोटी १० लाखांच्या उलाढालीवर हे ४२ लाख होतात. हे सूत्र तीन महिन्यांचे चक्र गृहीत धरते: पैसा वर्षात चार वेळा फिरतो. बेदाण्यात खरेदी वर्षातून एकदाच होते आणि विक्री दहा महिने चालते. वीस टक्के ही किमान मर्यादा आहे, चक्र लांब असेल तर बँक जास्त देऊ शकते. पण त्यासाठी महिनावार आवक-जावक मांडावी लागते आणि तारण लागते. घर आणि बाग आधीच मुदत कर्जात गुंतले होते.

शेवटी नफ्याचा आकडा काढला तेव्हा या पर्यायाची भुरळ उतरली. एकूण विक्री २ कोटी १० लाख. खरेदी १ कोटी ८७ लाख, प्रक्रिया ४ लाख ३० हजार, बॉक्स-वाहतूक ४ लाख ८० हजार, कोल्ड स्टोअरेज २ लाख ८० हजार, साठ्यावरचे आणि उधारीवरचे व्याज ७ लाख ९० हजार. हातात राहतात ४ लाखांच्या आत. साठ्यातल्या ८० टनांचा दर किलोमागे फक्त ५ रुपये पडला की हे सगळे संपले. बेदाण्याचा दर एका हंगामात त्याहून कितीतरी जास्त हलतो हे तासगावात लहान पोरालाही माहीत आहे.

चौथा पर्याय घरातूनच आला. भावाचे म्हणणे असे की शेतकरी तसाही माल लगेच विकत नाहीत, चांगल्या दराची वाट पाहत कोल्ड स्टोअरेजला ठेवतातच. मग तो आपण विकत घेऊन ठेवायचा कशाला? माल त्यांच्याच नावावर राहू द्यावा, आणि पुण्याला पाठवायच्या दिवशी घ्यावा.

## निर्णय आणि अंमल

चौथा पर्याय निवडला. ऐकायला तो साधा वाटतो, पण बसवायला पूर्ण पावसाळा गेला.

रचना अशी ठरली. शेडवरून माल थेट युनिटला येईल. ग्रेडिंगची मजुरी ४ ऐवजी २ रुपये. दोन आणि तीन नंबर शेतकरी आपल्या अडत्याकडे नेईल. एक नंबर कोल्ड स्टोअरेजला, पावती शेतकऱ्याच्या नावे, भाडे युनिटचे. युनिट दरमहा ८ टन उचलेल. दर, त्या आठवड्यातल्या तासगाव सौद्याच्या एक नंबरच्या सरासरीवर १० रुपये जास्त. पैसे पंधरा दिवसांत.

ज्या शेतकऱ्याला मधल्या काळात पैसा हवा त्याला कोल्ड स्टोअरेजच्या पावतीवर बँकेकडून मालाच्या किमतीच्या ७० टक्क्यांपर्यंत तारण कर्ज. हे कर्ज शेतकऱ्याच्या नावावर, युनिटच्या नाही. माल उचलताना त्याची परतफेड आधी आणि उरलेली रक्कम शेतकऱ्याला. कोल्ड स्टोअरेज, बँक आणि शेतकरी यांच्यातल्या कागदावर युनिटची सही साक्षीदाराचीही ठेवली नाही. पुढे वाद झाला तर युनिट त्यात ओढले जाऊ नये म्हणून.

बैठकीत सगळ्यात जास्त वेळ पावतीवर गेला. एका वयस्क बागायतदारांनी स्पष्ट सांगितले, "बाळा, माल माझ्या नावावर राहणार असंल तर मी थांबतो. पण पावती माझ्या हातात पायजे. तुझ्या कपाटात नगं." उद्योजकाने तिथेच मान्य केले, "तात्या, पावती तुमच्याकडंच राहील. माल उचलायचा दिवस आला की तुम्हीच ती घेऊन या." त्या एका मुद्द्यावर बावीस शेतकरी तयार झाले. याआधी त्यातल्या काहींचे पैसे व्यापाऱ्यांकडे बुडाले होते, त्यामुळे दहा रुपयांपेक्षा पावतीचे वजन मोठे होते.

शेतकऱ्याला यात काय मिळाले? मूळ मालाच्या किलोमागे १४० ऐवजी सुमारे १४५ रुपये. तारण कर्जाचे व्याज वजा केले तर फायदा अडीच-तीन रुपयांचा. दर वाढला तर ती वाढ त्याची, पडला तर तो फटकाही त्याचाच. हे बैठकीत लपवले नाही, आणि ते बरे झाले.

युनिटचा हिशेब: १९० मधून शेतकऱ्याला १७२, बॉक्स, वाहतूक आणि पाठवण्याआधीची पुन्हा निवड ६, कोल्ड स्टोअरेज साडेतीन. उरले साडेआठ. उधारीचे व्याज दीड रुपया गेला की ७ रुपये. ८० टनांवर ५ लाख ६० हजार. मजुरी कमी घेतल्याने प्रक्रियेत होणारी तूट वजा करून ४ लाख. म्हणजे तिसऱ्या पर्यायात जेवढा नफा दिसत होता तेवढाच इथेही, पण अडकणारा पैसा १ कोटी २९ लाखांवरून १७ लाखांवर आला.

हे १७ लाख कसे? महिन्याची विक्री १५ लाख २० हजार, पुण्याची उधारी दीड महिना (६० दिवसांवरून ती कशी खाली आली ते पुढे), म्हणजे २३ लाख येणे. शेतकऱ्यांना पंधरा दिवसांनी देणे असल्याने साधारण ७ लाख तिथे थांबलेले. राहिले १६. त्यात जीएसटी. शेतकऱ्याने स्वतःचा बेदाणा विकला तर त्यावर जीएसटी नाही, हे जीएसटी परिषदेने डिसेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले. पण युनिट विकते तेव्हा ५ टक्के लागतो, महिना ७६ हजार, आणि तो पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरावा लागतो, मग पुण्याहून पैसे आलेले असोत वा नसोत. नवे उद्योजक हा पैसा खेळत्या भांडवलात धरायला हमखास विसरतात. बँकेने २५ लाखांचे कॅश क्रेडिट, म्हणजे गरजेप्रमाणे उचलायचे कर्ज, मंजूर केले. या वेळी उलाढालीचे सूत्र पुरेसे ठरले, कारण चक्रच लहान झाले होते.

पुण्याची उधारी ६० वरून ४५ दिवसांवर आणणे ही स्वतंत्र लढाई होती. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला लेखी करार असला तरी कमाल ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या, १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम ४३ब(ह) मुळे, मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला ज्या वर्षी प्रत्यक्ष दिली त्याच वर्षी खर्च म्हणून दाखवता येते. पुण्याच्या व्यापाऱ्याच्या सीएला हे माहीत होते, त्यामुळे भांडण न होता ४५ दिवस मान्य झाले. मात्र उद्यम नोंदणी (या कायद्याखालची सरकारी नोंदणी) उत्पादक किंवा सेवा उद्योग म्हणून असायला हवी. नुसत्या व्यापारी नोंदणीला हे संरक्षण मिळत नाही. युनिटची नोंदणी सुरुवातीपासून प्रक्रियेची होती.

एप्रिलच्या गर्दीत न झेपणारा माल शेजारच्या युनिटला साडेतीन रुपयांनी देण्याचेही ठरले. दोघांनीही फोनवर मिटवले, कागद केला नाही. अजून तरी चालले आहे.

## काय बिघडले

पहिला फटका गंधकाचा. रंग उजळ राहावा म्हणून शेडवर धुरी देतात, आणि प्रत्येक शेडचे प्रमाण वेगळे. पुण्याच्या व्यापाऱ्याच्या तपासणीत २ टन २०० किलोच्या एका पाठवणीत सल्फर डायऑक्साइड मर्यादेबाहेर निघाला आणि माल परत आला. बॉक्सवर लॉट नंबर होते म्हणून तो दोन शेडचा असल्याचे एका तासात कळले. लॉट नंबर नसते तर बावीस जणांवर संशय गेला असता. त्यानंतर प्रत्येक शेडचा नमुना कोल्ड स्टोअरेजला जाण्याआधीच तपासायचे ठरले.

दुसरा फटका दराच्या घड्याळांचा. शेतकऱ्यांशी दर आठवड्याच्या सौद्याप्रमाणे, पुण्याशी दर तीन महिन्यांनी बदलणारा. करार करताना हा फरक कुणाला खटकला नाही, कारण तेव्हा बाजार शांत होता. नवरात्राच्या आधी दर सात आठवड्यांत २२ रुपयांनी चढले. त्या काळात पाठवलेल्या १४ टनांवर सरासरी साडेअकरा रुपये कमी पडले. १ लाख ६० हजारांचे नुकसान, आणि तेही सणाच्या तेजीत, जेव्हा धंदा जोरात दिसत होता.

तिसरी गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. दिवाळीच्या सुमारास जुनी देणी मिटवण्यासाठी, ज्याला इथे शून्य पेमेंट म्हणतात, सौदे काही आठवडे बंद राहतात. सौदाच नाही तर त्या आठवड्याची सरासरी कुठून काढायची? पुण्याची मागणी त्याच दिवसांत सर्वांत जास्त. शेवटच्या सौद्याचा दर धरायचे उद्योजकाने ठरवले. सहा शेतकऱ्यांना ते पटले नाही. एक व्यापारी गावात येऊन रोख देत होता, त्याला त्यांनी माल दिला. करारात त्यांना अडवणारे कलम होते, पण ते वापरले नाही. गावात शेजारी राहायचे आहे आणि त्यांचे म्हणणे चूक नव्हते, हे त्यामागचे कारण. ८० ऐवजी ६८ टनच पुण्याला गेले.

## निष्पत्ती

तिसऱ्या वर्षी पुण्याच्या विक्रीतून, दराचा फटका वजा जाता, १ लाख ८० हजार आणि ३८० टनांच्या मजुरी कामातून ३ लाख मिळाले. हप्ते ७ लाख २० हजारांचेच. २ लाख ४० हजार घरच्या द्राक्षाच्या पैशांतून भरले. खाते एकदाही नव्वद दिवस थकले नाही, म्हणून तीन वर्षे पुरी होताच अनुदानाचे १० लाख कर्जात वळते झाले आणि हप्ता ६० हजारांवरून सुमारे ३५ हजारांवर आला. चौथ्या वर्षी युनिट स्वतःच्या पायावर उभे राहते ते या एका गोष्टीमुळे. एखादे वर्ष खाते बिघडले असते तर धंद्याची कल्पना बरोबर असूनही युनिट बुडाले असते.

परिसराच्या बाजूने पाहू. दुसऱ्या वर्षी ४५० टनांवर प्रक्रिया झाली आणि त्यातून गावात १८ लाखांची कमाई राहिली, ती सगळी मजुरीची. तिसऱ्या वर्षी मजुरी कामाचे आणि पुण्याच्या मालाचे मिळून ४९३ टन. त्यातून मजुरीचे साडेसतरा लाख, पुण्याच्या विक्रीतली मार्जिन ५ लाख ८० हजार आणि शेतकऱ्यांना सौद्यापेक्षा जास्त मिळालेले ६ लाख ८० हजार. दराचा फटका वजा जाता २८ लाखांच्या आसपास. माल दहा टक्क्यांनीही वाढला नाही, गावात राहिलेला पैसा दीडपटीहून अधिक झाला.

रोजगाराचे चित्र इतके चांगले नाही. पाठवणीआधीच्या पुन्हा निवडीसाठी चार बायकांना हंगामानंतर महिन्यातून पाच दिवस काम मिळाले. बाकीच्या दहा जणींचे वर्ष होते तसेच राहिले, आणि रोज ३५० रुपयांवरच. युनिटच्या यशाची मोजदाद करताना हा आकडा वगळू नये. सॉर्टरने जे दिसत नाही ते या बायका पाहतात, पुण्याचा दर त्यांच्या नजरेवर उभा आहे, आणि वाढलेल्या दहा लाखांतला त्यांचा वाटा साठ-पासष्ट हजारांचा आहे.

## वेगळे काय करता आले असते

दोन्ही बाजूंचे दर एकाच घड्याळावर हवे होते. पुण्याशी तीन महिन्यांचा दर हवाच असेल तर शेतकऱ्यांशीही तीन महिन्यांचा, नाहीतर दोन्हीकडे पंधरा दिवसांचा. चौथ्या वर्षीच्या करारात पंधरा दिवस ठरले आहेत आणि सौदे बंद असतील तेव्हा शेवटच्या तीन सौद्यांची सरासरी, तासगाव आणि सांगली दोन्हींची मिळून.

शेतकऱ्यांना पंधरा दिवसांनी पैसे देण्याऐवजी निम्मे उचलीच्या दिवशी दिले असते तर रोखीने घेणाऱ्या व्यापाऱ्याचे आकर्षण कमी झाले असते. कॅश क्रेडिटमध्ये ८ लाख शिल्लक होते. वाढीव व्याज किलोमागे चाळीस पैसे पडले असते. १२ टन माल हातचा जाण्यापेक्षा ते स्वस्त होते.

सॉर्टर घेण्याआधी स्वतःचा ५०० किलो बेदाणा एप्रिलच्या दुपारी दोन वाजता विक्रेत्याच्या मशीनवर चालवून पाहायला हवा होता. विक्रेते प्रात्यक्षिक सकाळी आणि कोरड्या मालावर देतात.

पुण्याचा ग्राहक मशीनच्या आधी शोधता आला असता का, हा अवघड प्रश्न आहे. मशीन नसताना कुणी दारात उभे केले नसते, हे खरे. पण कर्ज मंजुरी आणि मशीन येण्यामध्ये पाच महिने होते. त्या काळात तासगावातल्या एखाद्या मशीनवर मजुरीने दोन-तीन टन एक नंबर करून घेऊन पुणे, मुंबई, हैदराबादला नमुने पाठवता आले असते. तसे झाले असते तर दुसऱ्या वर्षाची तूट बहुधा आलीच नसती.

बँकेनेही एक गोष्ट करायला हवी होती. एकाच भागात तीन सारखे सॉर्टर मंजूर करताना तिन्ही अहवालांत माल कुठून येणार ते लिहिले होते, आणि तिन्ही ठिकाणी गावांची यादी जवळपास एकच होती. त्या याद्या एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या असत्या तर निदान तिसऱ्या अर्जदाराला सॉर्टरऐवजी धुण्याची आणि छोट्या पाकिटांच्या पॅकिंगची लाइन सुचवता आली असती. ती लाइन आजही या भागात नाही, आणि पुण्याचा व्यापारी नेमके तेच काम पुण्यात करतो.